तुमच्या नंबरवर गेलेलं ‘येऊ नका’

रफिकभाई, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर तुमचं नाव आलं.

तुम्हाला जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते. ‘रफिकभाई ऑफिस’ हे नाव मी फोनमध्ये तसंच ठेवलंय, खोडायचा धीर झाला नाही. फोन थरथरत टेबलावर सरकत होता आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. खालच्या बियाण्याच्या दुकानात कोणीतरी सोयाबीनच्या वाणावरून हुज्जत घालत होतं. तो आवाज ऐकून जरा जिवात जीव आला आणि मी फोन उचलला.

पलीकडून भाभी बोलत होत्या. रडत नव्हत्या. घरात साप दिसला की माणूस कसं हळू बोलतं, तसं बोलत होत्या.

“विद्या, ह्यायले कोन मेसेज पाठवून राह्यलं? म्हनते, मशीन बंद हाय, तुमचा नंबर रद्द, येऊ नका. कुठं येऊ नका? हे कुठं येऊन राह्यले होते?”

मी ‘येते, भाभी’ एवढंच म्हटलं. कारण तो मेसेज कोणी पाठवला, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी पाठवला होता. दहा मिनिटांपूर्वी, ह्याच खुर्चीत बसून, चहा पीत.

तुमच्याशी मी सात वर्षं वऱ्हाडीत बोलले, वऱ्हाडीतच भांडले. पण लिहायला बसलं की हात मुकाट्यानं शाळेतलं मराठी काढतो, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही म्हणाल, ‘पुन्याले गेली अन् बिघडून आली.’ पुण्याच्या कंपनीत मी ‘मले’ म्हटलं की समोरचे दोघं एकमेकांकडे बघायचे. दीड वर्षात कंटाळून परत आले आणि चिखलीच्या बाजारात, माडीवरच्या तुमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात येऊन बसले. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, “काय काय येते तुले?” मी येणाऱ्या सगळ्या भाषांची माळ लावली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “थे ठीक हाय. भेव वाटते का?” मला वाटलं, एकटीनं ये-जा करण्याचं विचारताहेत. ताठ मानेनं सांगितलं, नाही वाटत. “मंग शिकाव लागन,” म्हणालात.

आपलं काम भीती वाटावी असंच होतं. गावातल्या डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर. कोणत्या पेशंटचा नंबर कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, हे ते ठरवतं. एखादं मशीन बिघडलं की त्या दिवशीच्या पेशंटांना फोनवर कळवतं, आज येऊ नका, अमुक दिवशी या. सुलतानपूरच्या शांताबाई मंगळवारी आणि शुक्रवारी पहिल्या गाडीनं निघतात, मेहकरला गाडी बदलतात आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून सेंटरच्या पायऱ्या चढतात. त्यांना उगाच ‘येऊ नका’ गेलं तर त्या घरी बसतील. सांगितलेलं ऐकणारी माणसं आहेत ती. एक वेळ चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर श्वास लागतो. तिसरीचं तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

भाभींची इद्दत चालू आहे, तुमच्या मागचे चार महिने दहा दिवस त्यांना घराबाहेर पडता येत नाही. मग मीच गेले. दारात तुमची चप्पल अजून आहे. भाभी आतल्या खोलीत जाजमावर बसल्या होत्या आणि फोन त्यांच्यापासून दोन हात लांब, उशीवर ठेवलेला. जवळ घ्यायला भीत होत्या.

“मले वाटलं, हे कुठून तरी वापस येऊन राह्यले, अन् कोनी तरी ह्यायले रस्त्यातूनच परत लावून देते,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. “काय बी येते मनात.”

रफिकभाई, सात वर्षांत मला कोणी एवढं मारलं नव्हतं.

मी सगळं खरं सांगितलं. भाभींना टेस्ट म्हणजे काय हे समजावून सांगताना घाम फुटला. म्हटलं, भाभी, सॉफ्टवेअर पेशंटवर करून पाहता येत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरच्या मेमरीतच एक छोटासा सर्व्हर उभा करतो. डिस्कवर त्याचा मागमूस नसतो. त्यात खोटे पेशंट, खोटी मशीनं, खोटी मेसेजची व्यवस्था. आम्ही तिथलं एक मशीन बंद पाडतो, मेसेज सुटतो, तो सर्व्हर हवेतल्या हवेत झेलतो आणि आपल्या डब्यात टाकतो. बाहेर काही जात नाही. डबा उघडून बघायचं, बरोबर माणसाला बरोबर मेसेज आहे का. दोन सेकंदांत सगळा खेळ मोडतो, काही उरत नाही. पुन्हा मांडायचा.

“भातुकली,” भाभी म्हणाल्या. “हे घरी तेच म्हनत. आज दिवसभर भातुकली खेयलो.”

हो, भातुकली. हा तुमचाच शब्द. मी तुमच्याकडे आले तेव्हा मला त्या भातुकलीचा भरवसा नव्हता. म्हणायचे, हा खोटा सर्व्हर सगळ्याला हो म्हणतो, खरी दुनिया कुठे एवढी गुणाची असते? “मंग नाही म्हनायले शिकव त्याले,” तुम्ही म्हणालात, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. लोणारला ऐन वेळी रेंज जाते तशी त्याची रेंज घालव. अर्धाच मेसेज पोचव. एकच मेसेज तीनदा पाठव. मेसेज गेला असं खोटं सांगायला लाव. तुम्ही डोळे मिटून एकेक दुखणं आठवायचात आणि मी ते लिहायचे. पुण्यात दीड वर्षात शिकले नाही ते त्या एका उन्हाळ्यात शिकले. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही डोक्यावर बसला असतात, म्हणून नाही बोलले.

आणि टेस्टमधले पेशंट तर तुम्हीच! नाव रफिक, नंबर तुमचा, खराखुरा, खिशातला. ह्यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, दहा शून्यं टाका ना, कायले आपला नंबर गुंतवता?

“शून्याच्या खिशात फोन नसते, विद्या,” तुम्ही म्हणालात. “भातुकलीतला निखारा कधी बाहेर पडलाच, तं पयले माह्या खिशात जयला पाह्यजे. पेशंटच्या नाही.”

“अन् तुम्ही नसले तं?” मी विचारलं. मला सुटीचं म्हणायचं होतं. तुम्ही लेकीकडे जालन्याला जाता, तेव्हाचं.

“मी कुठं जातो बे?” तुम्ही म्हणालात.

तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. टेस्ट चालवायच्या आधी तुम्ही गुडघ्यावर बसायचात, तुमच्या खुर्चीमागच्या भिंतीतली नेटची वायर ओढून काढायचात आणि ती हातात धरून म्हणायचात, “हं, चालव आता.” सत्तावन्नाव्या वर्षी, दिवसातून दहा वेळा, गुडघे कटकट वाजवत. मला हसू यायचं, मग राग यायला लागला. सर्व्हर मेमरीत आहे, मेसेज मेमरीत आहेत, सगळं आतल्या आत आहे, मग वायर काढून काय साधतं? ही तुमची अंधश्रद्धा आहे, असं मी तोंडावर बोलले. तुम्ही वायर तशीच धरून म्हणालात, “हाव. अंधश्रद्धा हाय. तू चालव.” ते भांडण मिटलंच नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी ते उकरून काढलं होतं आणि तुम्ही छाती चोळत म्हणालात, “जाऊ दे, आज दम नाही मले.”

आणि इथे मला तुमचा राग येतो, रफिकभाई, असा राग की खुर्चीला लाथ घालावी. सेंटरच्या सॉफ्टवेअरच्या एकेका ओळीला तुम्ही शंभरदा झोडून पाहायचात आणि तुमच्या छातीत तीन आठवडे जळजळ होत होती ती ‘गॅस हाय’! सोमवारी दाखवतो म्हणालात. तीन सोमवार आले आणि गेले. दुसऱ्या सोमवारी मी म्हटलं होतं, चला, मी येते संगं. तुम्ही म्हणालात, पयले हे मशीनचं काम होऊ दे. मी ऐकून घेतलं. का ऐकलं? एरवी तुमचं मी काय ऐकायचे? वायरीवरून तासभर भांडणारी मी, तुमच्या छातीवरून पाच मिनिटंसुद्धा भांडले नाही.

ते मशीनचं काम तुमच्यामागे माझ्या एकटीच्या गळ्यात आलं. मशीन बंद पडलं की पेशंटांना लवकर कळावं, म्हणून मी मेसेजचा नवा भाग लिहिला. आजवर आपल्या सॉफ्टवेअरमधून मेसेज बाहेर पडायला एकच दार होतं, आणि सेंटरच्या सिस्टरनं ‘पाठवा’ दाबल्याशिवाय ते उघडायचं नाही. माझ्या नव्या भागानं घाईघाईत स्वतःचं दुसरं दार पाडलं. कोणाला न विचारता, भातुकलीच्या डब्यालाही वळसा घालून, थेट बाहेर. मी टेस्ट लिहिली तीही भित्र्यासारखी. मेसेज गेला का, एवढंच विचारलं. सॉफ्टवेअर म्हणालं, गेला. पडद्यावर सगळं हिरवं झालं, म्हणजे पास. डबा उघडून पाहिला असता तर तो रिकामा दिसला असता. तुम्ही म्हणायचात, हिरवं दिसलं की माह्या पोटात गोया येते. मला मात्र बरं वाटलं. चहा मागवला.

वायर मी काढली नव्हती. काढली असती तर दुसऱ्या दारातून निघालेला मेसेज तिथेच भिंतीवर आपटला असता आणि पडदा लाल झाला असता. अंधश्रद्धा म्हणून काढली नाही, असं मी भाभींना सांगितलं. ते खोटं. तुम्हाला खरं सांगते. ती वायर तुमच्या खुर्चीमागे आहे. खुर्चीच्या पाठीवर तुमचा करडा स्वेटर अजून आहे. ती खुर्ची सरकवायला लागेल, स्वेटरला हात लागेल, म्हणून मी एकवीस दिवस त्या कोपऱ्यात गेलेच नाही. झाडणाऱ्या बाईलाही जाऊ दिलं नाही.

म्हणून तो मेसेज खऱ्या रस्त्यानं बाहेर पडला आणि टेस्टमध्ये जो एकच नंबर होता, त्याच्यावर गेला.

भाभींनी सगळं ऐकून घेतलं, तुमचं निखाऱ्याचं बोलणंही. मग विचारलं, “सुलतानपूरवालीले गेला असता का हा मेसेज?”

हाच प्रश्न मी रस्ताभर टाळत आले होते. त्याच दिवशी दुपारी मी तो नवा भाग सेंटरवर बसवणार होते. सिस्टर रोज सकाळी मशीनं धुवायला घेतात, तेव्हा अर्धा तास सगळ्या मशीनांना ‘बंद’ लावतात. बुधवारी पहाटे त्यांनी ते लावलं असतं, आणि त्या दिवशी येणाऱ्या सगळ्या पेशंटांना एका झटक्यात ‘नंबर रद्द, येऊ नका’ गेलं असतं. स्टँडवर उभी असलेली माणसं मुकाट्यानं घरी वळली असती. गुरुवारी तेच. शुक्रवारी शांताबाई.

“हाव,” मी म्हटलं. “गेला असता.”

“म्हंजे ह्यायच्या खिशात पयले जयला.” त्यांनी उशीवरचा फोन उचलला, पदरानं पुसला आणि पहिल्यांदा मांडीवर घेतला. मग रडल्या. मीही रडले. तुमच्या मयतीच्या दिवशी मी रडले नव्हते, पाहुण्यांना पाणी देत फिरत होते.

निघताना भाभी म्हणाल्या, “पन विद्या, आता हा नंबर काढ. मले नाही सोसत. चार्ज करून ठेवते, लोकं दुखवट्याचं बोलाले फोन करतात म्हनून. पन पुन्हा ह्यायच्या नावानं काही वाजलं तं माहा जीव जाईन.”

मी हो म्हटलं. पण नंबर काढण्याआधी तुमचा एक नियम आडवा आला. तो तुम्हीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आहे. चुकीचा मेसेज गेला तर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्ती गेलीच पाहिजे, कोणालाही गेलेला असो. दुरुस्तीची वाक्यंसुद्धा तुमचीच. ‘आधीचा मेसेज चुकीने गेला. आपण ठरल्याप्रमाणे यावे.’

मी ते तुमच्या नंबरासमोर उघडलं आणि बंद केलं. दोनदा. मेलेल्या माणसाला ‘यावे’ म्हणायचं? भाभींच्या मांडीवर तो फोन वाजवायचा? माझ्यानं झालं नाही.

बुधवारी मी खुर्ची सरकवली. स्वेटर आधी घडी करून कपाटात ठेवला. गुडघ्यावर बसले तर माझेही गुडघे वाजले. वायर ओढली. तिच्या टोकाला तुम्ही गुंडाळलेली चिकटपट्टी तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालीय. हातात धरून टेस्ट चालवली आणि पडदा लालभडक झाला. एवढं लाल पाहून कोणाला आनंद झाला असेल का? मी मोठ्यानं “या अल्ला” म्हटलं, तुमच्यासारखं. मग दीड दिवस बसून दुसरं दार बुजवलं. आता प्रत्येक टेस्ट डबा उघडून पाहते. वायर पुन्हा काढून चालवलं, पुन्हा, पुन्हा. गुरुवारी दुपारी सेंटरवर बसवलं.

पण भीती गेली नाही, ती वाढली. ही एक वायर मला ठाऊक होती. असं आणखी काय काय तुम्ही नुसतं हातात धरून बसला होतात, न बोलता, न लिहिता? मी हसले म्हणून मला न सांगितलेलं असं किती असेल? कुठली फळी तुमच्या पायाखाली दाबलेली होती, जी आता सुटली आहे? रोज सकाळी जिना चढताना मी हाच विचार करते. ऑफिसात कुठलाही आवाज झाला की वळून बघते.

शुक्रवारी पहाटे साडेसहाला सिस्टरनं मशीनं धुवायला घेतली. तेव्हा मी सेंटरमध्ये नव्हते, स्टँडवर उभी होते. मेसेज एकही गेला नाही, हे सिस्टरनं फोनवर सांगितलं. तरी विश्वास बसेना. मेहकरची गाडी आली. आधी दोन मास्तर उतरले, मग कोथिंबिरीचे गठ्ठे, मग एक कॉलेजची पोरगी. पुढे कोणीच नाही. कंडक्टरनं दार ओढायला हात घातला, तेवढ्यात आतून आवाज आला, “थांब ना बाप्पा, म्हातारं मानूस हाय!”

शांताबाई. एक हात दांडीला, एक नवऱ्याच्या खांद्याला. मला बघून म्हणाल्या, “तू काऊन उभी अथी? कोनाले पाहून राह्यली?”

“तुमालेच,” मी म्हटलं.

“माहं काय, मले या म्हनलं का मी येतो,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

त्यांना सेंटरवर सोडून मी तुमच्या घरी गेले. भाभींना तुमच्या नियमाचं सांगितलं. दुरुस्तीचा मेसेज राहिलाय, नाही पाठवला तरी चालेल, तुम्ही म्हणाल तसं. भाभींनी वाक्यं विचारली. मी वाचून दाखवली. त्यांनी तुमचा फोन चार्जरवरून काढून समोर ठेवला.

“पाठव,” म्हणाल्या. “‘येऊ नका’वर नको ठेवू त्यायले.”

मी ऑफिसात आले. वायर भिंतीत नीट लावली. टेस्टमधनं तुमचा नंबर काढला आणि तिथे माझा टाकला. पेशंटचं नाव रफिकच ठेवलंय, तेवढं मी कोणाला विचारलं नाही. आता बाहेर पडला तर माझ्या खिशात जळेल. मग तुमचा खरा नंबर हातानं टाकला, ती दोन वाक्यं उघडली आणि ‘पाठवा’वर बोट ठेवलं. मले लय भेव वाटून राह्यलं होतं, रफिकभाई. एवढं की खालच्या दुकानातलं भांडणसुद्धा ऐकू येत नव्हतं.

आधीचा मेसेज चुकीने गेला. आपण ठरल्याप्रमाणे यावे.

पाठवला. तुमच्या पंधरा मिनिटांपेक्षा तीन दिवस उशिरा.